फलकावर कुणाचं नाव आहे?

(कशेळे येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत पूर्वी खडूने लिहायची काळी फळी होती. आता तिथे डिजिटल बोर्ड आहे, पाचही जमातीच्या वेळा दाखवणारा. एखादी वेळ चुकली की पाच मिनिटांत दहा जण मुतवल्लींना गाठतात. फळी असतानाही गाठायचे. कारण ती वेळ प्रत्येकाच्या कामाची असते आणि जाब कुणाला विचारायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं.

शहरांत आता चौकाचौकात स्क्रीन आलेत. पुण्या-मुंबईत हवेच्या गुणवत्तेचे आकडे दाखवणारे फलक लागले. पण ते आकडे कितीजण वाचतात? आपल्याच जिल्ह्यात, खारघरला, जानेवारी २०२१ मध्ये 'वातावरण' या संस्थेने पांढरी कृत्रिम फुप्फुसं उभी केली. मागे पंखे बसवून हवा त्यातून ओढली. साधारण दहा दिवसांत ती काळी पडली. आकडा समजायला शिकावं लागतं, काळं फुप्फुस शाळेत न गेलेल्या आजीलाही समजतं. त्यानंतर तळोज्याकडून येणाऱ्या धुराबद्दलची चर्चा घराघरात गेली.

आता शेजारच्या खालापूर तालुक्याबद्दल बोलतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. ठाकर समाजाची ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारने विधानसभेत सांगितलं. यादीतच नाव नसेल तर लाखाचा स्क्रीन तरी काय दाखवणार? डोंगराला भेग पडलीय, झरा गढूळ झालाय, हे आधी तिथल्या माणसांना दिसतं. म्हणून मला वाटतं, फलकावर वरून खाली माहिती येते तशी खालून वर जायचीही सोय हवी. निदान एक फोन नंबर, आणि तो उचलणारं माणूस.

कायदा आपल्या बाजूने आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार कार्यालयांनी १७ बाबी न मागता जाहीर करायच्या आहेत, त्याही स्थानिक भाषा लक्षात घेऊन. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार कोणता दाखला किती दिवसांत, कोण देणार आणि अपील कुणाकडे, हे फलकावर लावायचं आहे. योग्य कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो.

गेल्या वर्षी एका सरकारी कार्यालयात मी एका कातकरी ताईंबरोबर बसलो होतो. मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी त्यांची ती चौथी खेप, म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडालेली. समोर मोठा टीव्ही, त्यावर योजनांच्या जाहिराती फिरत होत्या. ताईंनी विचारलं, "दादा, यातल्या कुनाला भेटायचं?" मला उत्तर देता येईना. सेवा हक्काचा फलक शोधला तर तो होता, पण कपाटाच्या मागे. शिपाईदादांना विनंती केली, दोघांनी मिळून कपाट सरकवलं. ताईंना मी मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी मुदतीचे दिवस बोटांवर मोजले आणि म्हणाल्या, "म्हंजे माजा कदीच व्हायला पायजे होता." मग फलकावरचं नाव विचारत त्या स्वतः आत गेल्या. मी बाहेरच थांबलो.

कशेळ्यात आणि आसपासच्या वाड्यांत असे किती फलक आहेत, कुठे आहेत, त्यांवरची नावं आजची की बदलून गेलेल्या साहेबांची, हे आपण या महिन्यात बघू या. वह्या मी आणल्यात. दोघादोघांच्या जोड्या करा, आणि प्रत्येक जोडीत वाडीतलं एक माणूस असू द्या.