हिशेबातील कपट आणि संचालकांचे उत्तरदायित्व

हिशेबातील कपट म्हणजे केवळ तिजोरीतील पैसा पळविणे नव्हे. बुडालेला पैसा सुरक्षित असल्याचे कागदावर दाखवीत राहणे हे त्याचे अधिक घातक रूप होय, कारण त्यामुळे ठेवीदाराला सावध होण्याची संधीच उरत नाही. पालघर जिल्ह्याच्या वसई-विरार पट्ट्यात मोठे गृहप्रकल्प हाती घेणाऱ्या एचडीआयएल या कंपनीला पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेने दिलेल्या कर्जांचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ रोजी या बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदाराला आरंभी अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. बँकेच्या तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेले पत्र आणि पोलिसांनी ठेवलेले आरोप यांनुसार, एचडीआयएल समूहाशी संबंधित ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखविण्यात आली. ही खाती बँकेच्या मूळ संगणक प्रणालीत नव्हतीच. ती होती फक्त रिझर्व्ह बँकेला सादर होणाऱ्या कर्जयादीत. एकूण कर्जवाटपापैकी सुमारे ७३ टक्के रक्कम एकाच समूहाकडे असल्याचे त्यामुळे दडून राहिले. मूळ प्रणाली आणि सादर केलेली यादी यांमधील ही तफावत नजरचुकीने पडलेली मानता येत नाही, आणि म्हणूनच आरोपींचा हेतू शोधणाऱ्या अभियोग पक्षाने सर्वाधिक भर द्यावा तो याच तफावतीवर.

खरी अडचण मात्र नोंद करणाऱ्या हाताकडून ती करवून घेणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचण्यात आहे. खोटे हिशेब लिहिण्याला शिक्षा सांगणारे, २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचे कलम ४७७-अ हे १८९५ मध्ये आले, ते ‘कारकून, अधिकारी किंवा नोकर’ यांना उद्देशून. त्यात संचालक हा शब्द नव्हता. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ४४७ अधिक कठोर असून गंभीर कपटासाठी दहा वर्षांपर्यंत कारावास आणि कपटाच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. परंतु सहकारी बँक ही त्या कायद्याखालील कंपनी नसल्याने तिच्या संचालकांना हे कलम सहजी लागू होत नाही. चिकूच्या हंगामाचे पैसे सहकारी बँकेत ठेवणाऱ्या पालघर जिल्ह्यातील डहाणूच्या बागायतदाराला हा भेद ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि कायद्याने तो ठेवावा हे अन्यायाचे आहे.

कबुली हाती असूनही न्यायास किती विलंब लागतो, हे हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या खटल्यात दिसले. अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्राद्वारे ताळेबंदातील सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोकड अस्तित्वातच नसल्याचे मान्य केले. सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा ९ एप्रिल २०१५ रोजी झाली, आणि पुढच्याच महिन्यात अपिलाच्या निमित्ताने ती स्थगित होऊन त्यांना जामीन मिळाला. ठेवीदारांच्या वाट्यालाही असाच विलंब येतो. पंजाब अँड महाराष्ट्र बँक २५ जानेवारी २०२२ रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि विलीनीकरणाच्या योजनेनुसार मोठ्या रकमेच्या वैयक्तिक ठेवीदारांना संपूर्ण रक्कम परत मिळण्यासाठी दहा वर्षांपर्यंत थांबावे लागणार आहे.