युद्धाची आठवण आणि रेखाटलेला अनुबोधपट



अनुबोधपट म्हणजे घडलेल्या गोष्टीचे प्रत्यक्ष चित्रण, अशी आपली समजूत असते. मग हाताने रेखाटलेल्या हलत्या चित्रांचा अनुबोधपट कसा होईल? याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही इस्रायली दिग्दर्शक आरी फोलमन यांच्या २००८ सालच्या ‘वॉल्ट्झ विथ बशीर’ या चित्रपटाचा आधार घेत आहोत.

१९८२ साली इस्रायलने लेबनॉनवर स्वारी केली, तेव्हा फोलमन १९ वर्षांचे सैनिक होते. १४ सप्टेंबरला लेबनॉनचे नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष बशीर जमायेल यांची हत्या झाली. त्यानंतर १६ ते १८ सप्टेंबर या काळात फलांजिस्ट सशस्त्र गटाने बैरुतमधील साब्रा वस्तीत आणि शातिला या निर्वासितांच्या छावणीत शेकडो पॅलेस्टिनी व लेबनीज नागरिकांची कत्तल केली. बायका-मुलेही सुटली नाहीत. भोवती इस्रायली सैन्याचा वेढा होता. रात्री आकाशात प्रकाशगोळे सोडून उजेड पुरविणारेही तेच सैन्य होते. १९८३ साली इस्रायलच्याच काहान आयोगाने आपल्या देशावर या कत्तलीची अप्रत्यक्ष जबाबदारी ठेवली.

फोलमन यांना मात्र पुढे यातले काहीच आठवेना. त्यांच्या एका जुन्या सोबत्याला स्वप्नात २६ चवताळलेली कुत्री दिसत. धाडीच्या वेळी गाव जागे होऊ नये म्हणून युद्धात त्यानेच ती मारली होती. हे ऐकून फोलमन एकेका सोबत्याला गाठू लागले. आता विस्मरणाचे, स्वप्नाचे, भासाचे चित्रण कोणत्या कॅमेऱ्याने करावे? म्हणून मुलाखती आधी चित्रित केल्या आणि मग चित्रे रेखाटली. जे निश्चित आठवत नाही ते निश्चित असल्याचा आव रेखाचित्र आणीत नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा.

पण शेवटी रेखाटन थांबते. आक्रोश करणाऱ्या स्त्रियांची आणि प्रेतांची खरी चित्रफीत समोर येते. विसरणे उजेड धरणाऱ्याला परवडते; ज्याचे घर गेले त्याला नाही.

या चित्रपटावर एक आक्षेप घेतला गेला आणि तो आम्हाला रास्त वाटतो. सारा शोध सैनिकाच्या मनाचा आहे. पॅलेस्टिनी माणसाचा आवाज येतो तो अखेरीस, तोही रडण्यापुरता.

विद्यार्थी मित्रहो, युद्धावरचा चित्रपट पाहताना आपण दोन प्रश्न विचारू या. आठवतो आहे कोण? आणि ज्याने सोसले, त्याला बोलू दिले आहे काय?