बाभळीवरील मराठा सुतार

शिर्डीहून राहात्याकडे निघालें म्हणजे पेरूच्या बागा लागतात, आणि त्यांच्या बांधांवर जुन्या बाभळी. एका सकाळीं तेथें माझ्या नातवानें जमिनीवर चालणारें तुरेवालें पांखरूं दाखवून म्हटलें, "आजोबा, सुतार पक्षी!" ही चूक त्याची एकट्याची नव्हे, चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही ती ऐकूं येते. तो होता हुदहुद. त्याची लांब, बांकदार चोंच मातींतील अळ्या टिपण्यापुरती; लांकूड फोडणें तिच्यानें होणार नाहीं.

तेवढ्यांत बाभळीवर टक्‌टक्‌ सुरू झाली, आणि खरा सुतार दिसला. साळुंकीहून लहान, काळपट पाठीवर पांढरे ठिपके, माथा पिवळसर, पोटाच्या मध्यभागीं तांबडा डाग. नराच्या डोक्यावर मागील बाजूस तांबडा रंग असतो, मादीच्या नसतो. हा हिंदुस्थानांत दूरवर आढळतो. परंतु लॅथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानें १८०१ सालीं त्याच्या शास्त्रीय नांवांत आपल्या मराठी मुलखाचें नांव घातलें, म्हणून तो मराठा सुतार. आमराईंत हंसल्यासारखा ओरडत जाणारा सोनपाठी सुतार याहून बराच मोठा. त्याची सोनेरी पाठ पाहिली कीं घोटाळा उरत नाहीं.

याचीं हत्यारें पाहावीं. पायाचीं दोन बोटें पुढें, दोन मागें. ताठ शेंपटीचा टेकू. आणि चोंचीबाहेर दूरवर जाणारी जीभ, जिच्या आधाराचीं हाडें कवटीच्या मागून वळसा घेऊन वर आलेलीं असतात. ठोकून सालीखालची अळी उघडी करावयाची आणि जिभेनें ओढून काढावयाची, हा त्याचा दिवसभराचा धंदा.

घरटें मात्र तो बहुधा वाळक्या लांकडांत कोरतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत त्यांत पांढरीं शुभ्र अंडीं असतात. अंधाऱ्या ढोलींत रंगाची गरज काय? त्यानें सोडलेल्या ढोलींत पुढें रानचिमणीसारखीं पांखरें संसार थाटतात. आणि आम्ही तर वाळकी फांदी दिसली कीं सरपणास काढतों.

एका चैत्रांत मींही बांधावरची तशी फांदी तोडविली. ती खालीं पडून फुटली, तेव्हां आंत लांकडाच्या भुशावर तीन अंडीं होतीं. दोन फुटलेलीं. जोडी संध्याकाळपर्यंत शेजारच्या बाभळीवर वरखालीं करीत होती. त्या बाभळीचा वाळका शेंडा मीं अद्याप तोडूं दिलेला नाहीं. गड्यास तें वेडेपण वाटतें.