हिरव्या झाडाचा पोकळ गाभा

गावातील जुने झाड तोडण्याचा विषय पंचायतीपुढे येतो, तेव्हा चर्चा बहुधा परवानगीची आणि लाकडाच्या किमतीची होते. झाड आतून कसे आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. चिंचेला पालवी आहे, आंबा मोहरतो, एवढ्यावरून ते निकोप मानले जाते. या समजुतीची किंमत मात्र कुऱ्हाड हाती घेतलेल्या मजुराला मोजावी लागते.

खोडात पाणी वर नेण्याचे काम सालीलगतचे बाहेरचे लाकूड करते. मधला गाभा निर्जीव असतो. बुरशीने तो पोखरला तरी पाने हिरवीच राहतात, आणि पोकळ नळी भार पेलते त्याप्रमाणे पोकळ खोडही वर्षानुवर्षे उभे राहते. खरा प्रसंग ओढवतो तो तोडताना. पडण्याच्या दिशेला खाच घेऊन मागून करवत चालविली जाते, तेव्हा मध्ये राखलेली लाकडाची पट्टी बिजागरीसारखी वळून झाडाला दिशा देते. गाभा कुजलेला असल्यास ही बिजागरी धड उरत नाही. झाड अवेळी बसते, भलतीकडे फिरते किंवा उभे चिरते. मजुराला मागे सरकण्यास क्षणाचीही उसंत मिळत नाही.

म्हणून तपासणी बुंध्यापासून सुरू करावी. खोडाला कानाच्या पाळीसारखी चिकटलेली कठीण बुरशी हे सर्वांत बोलके लक्षण होय. ती बाहेर दिसते तोवर आतली कूज बरीच पसरलेली असते. वणव्याची किंवा विजेची जुनी जखम, मोडक्या फांदीच्या जागी राहिलेले भोक, बुंध्याचा अनैसर्गिक फुगवटा, मुळाशी साचलेला भुसा, मुंग्यांची वा मधमाश्यांची ये-जा, यांकडेही दुर्लक्ष करू नये.

त्यानंतर कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने बुंधा चहूबाजूंनी ठोकून पाहावा. निकोप लाकूड खणखणीत वाजते, पोकळ खोड ढोलासारखे घुमते. अनुभवी लाकूडतोड्यांचा कान या कामी वाखाणण्याजोगा असतो. तथापि सुटलेली सालही बद्द वाजते, आणि जाड लाकडाआडची लहान पोकळी आवाजावरून कळत नाही. संशय राहिल्यास गिरमिटाने भोक पाडावे. भुसा काळपट व ओलसर निघू लागला, किंवा गिरमिट एकाएकी सैल आत गेले, की तेथवरची खोली मोजावी. जर्मन शास्त्रज्ञ क्लाऊस मॅथेक यांच्या प्रसिद्ध ठोकताळ्यानुसार निकोप कवच त्रिज्येच्या सुमारे एक-तृतीयांशाहून पातळ झाले की उभे खोडही मोडण्याचा धोका वाढतो. म्हणजे ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला १० सेंटिमीटर कवच हवे. जे झाड राखावयाचे आहे, त्याला मात्र गिरमिट लावू नये. प्रत्येक भोक ही बुरशीला नवी वाट ठरते.

पोकळी आढळल्यास ते झाड नवख्यांच्या हाती देऊ नये. मजुराची माघारीची वाट आधी मोकळी करावी आणि इतरांना झाडाच्या उंचीच्या दुपटीहून दूर ठेवावे. शाळेलगतच्या झाडाचे काम सुटीच्या दिवशी घेणे इष्ट. १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्याखाली मिळालेली परवानगी म्हणजे झाडाच्या गाभ्याचा दाखला नव्हे.

शेवटी ढोलीकडेही पाहावे. तेथे पिंगळा असतो, पोपट असतो. कोकणात धनेशाची मादी ढोलीचे तोंड लिंपून आत अंडी उबवीत बसलेली असते आणि नर बाहेरून तिला चारा पुरवितो. अशी ढोली दिसल्यास कुऱ्हाड थांबवून वनाधिकाऱ्यांना कळवावे.