अडकलेला प्लग

श्रोतेहो, आज मी आपल्याशी एका बोटभर लांबीच्या वस्तूविषयी बोलणार आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग, हीच ती वस्तू.

माझ्या भाच्याजवळ एक जुनी मारुती व्हॅन आहे. १९८४ साली बाजारात आलेली ही गाडी पुढे ओम्नी या नावाने घरोघर परिचित झाली व २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. भाच्याचा संसार मात्र अजून तिच्यावरच चालतो. रोज सकाळी तो तिच्यातून मुलांना शाळेत पोचवतो. एका शनिवारी गाडी धक्के देऊ लागली. पुढच्या आसनाखाली असलेले तीन सिलिंडरांचे इंजिन आम्ही उघडे केले. दोन प्लग निघाले, तिसरा हलेना. 'गाडी चालते आहे ना,' या समाधानात आम्ही वर्षानुवर्षे त्याला हात लावला नव्हता. दोष आमचाच होता.

"मामा, पान्ह्याला पाईप लावू का?" भाच्याने विचारले. सोमवारची शाळा त्याच्या डोळ्यांपुढे होती. तेवढ्यात शेजारचे वृद्ध मिस्त्री आले. "थांब रे पोरा," ते म्हणाले, "प्लग मोडला तर हेड उतरावे लागेल. मग सोमवारच काय, सगळा आठवडा जाईल."

त्यांच्या बोलण्यामागे शास्त्र आहे. प्लगचे अंग पोलादाचे, तर इंजिनचे हेड ॲल्युमिनियमचे असते. दोन भिन्न धातू एकत्र आले आणि त्यांत ओल शिरली की गंजण्याची क्रिया सुरू होते. खालच्या बाजूने काजळी चढते आणि आटे जणू एकजीव होतात. अशा वेळी जोर केला तर पोलाद जिंकते व ॲल्युमिनियमचे मऊ आटे सोलून निघतात. नाही तर प्लगच तुटतो.

मिस्त्रींनी प्रथम प्लगभोवतालची धूळ हवेने उडविली, कारण ती सिलिंडरात पडली तर आतून ओरखडे काढते. मग गंज सोडविणारे पातळ तेल मुळाशी सोडून त्यांनी ते रात्रभर मुरू दिले. कोणी तरी आगीचा झोत सुचविला, तेव्हा पेट्रोलच्या नळीकडे बोट दाखवून त्यांनी त्यास गप्प केले. रविवारी सकाळी प्लग पुन्हा जोडून त्यांनी इंजिन थोडा वेळ चालविले व ते कोमट असतानाच बंद केले. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. पन्नास अंशांच्या फरकाने चौदा मिलिमीटरच्या भोकात पडणारी फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. पण तेल आत शिरण्यास तेवढीही उपयोगी पडते.

मग पान्हा सरळ बसवून त्यांनी हलका जोर दिला. प्लग केसभर सुटला. आम्ही हर्षभरित झालो, पण त्यांनी तो लगेच मागे फिरविला, पुन्हा तेल सोडले आणि पुन्हा थोडा सोडविला. करकर ऐकू आली की हात थांबे. असे तासभर चालले. अखेर प्लग अखंड बाहेर आला आणि आटेही शाबूत राहिले.

आत गेलेले तेल उडून जावे म्हणून तिन्ही प्लग काढून त्यांनी इंजिन नुसते फिरविले. नवा प्लग प्रथम बोटांनी पुरता बसविला, मग पान्ह्याने सुमारे अर्धा फेरा दिला. "अधिक आवळणे म्हणजे पुढच्या माणसाचे वैर करणे," ते म्हणाले.

सोमवारी मुले वेळेवर शाळेत पोचली. भाच्याने पाईप परत अडगळीत ठेवला आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्लग पुन्हा उघडून पाहण्याची तारीख लिहून ठेवली. श्रोतेहो, आपल्या दारी जुनी गाडी असेल, तर तीही तारीख आजच लिहून ठेवावी.