पडद्यामागचा दिवा



झाडीपट्टीतले आपण, नाटकासाठी रात्र जागवणारे.
आज जरा कोकणात जाऊ.

सिंधुदुर्गात, कुडाळजवळ, पिंगुळी गाव आहे.
तिथले ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या नाचवतात.

पांढरा पडदा.
मागे दिवा.
बाहुली पडद्याला टेकली, की सावली ठसठशीत.
दिव्याकडे सरकली, की मोठी, पुसट.
एवढ्यावर रामायण उभं राहतं!

ही कला टिकावी, म्हणून तिथलेच कलावंत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय थाटलं.
२०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

पण बाहुली काचेआड नाचत नाही.
तिला पडदा हवा.
दिवा हवा.
आणि समोर माणसं हवीत.

कोकणात गेलात, तर समुद्राआधी तिथं थांबा.
पुन्हा सांगते,
पिंगुळी, कुडाळजवळ.