तारली, हेरिंग आणि जिताडा



अंबडच्या औद्योगिक वसाहतीत भरलेल्या विज्ञानलेखकांच्या संमेलनात अध्यक्षांनी समुद्री माशांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. नाशिकला समुद्र नाही. इथल्या बाजारातला बांगडा मुंबईहून कसारा घाट चढून येतो. पण त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी शेवटी बंगालच्या उपसागरालाच मिळते. पावसाळ्यात तिला पूर आला की तिकडे एक समुद्री मासा प्रवाहाविरुद्ध पोहत अंडी घालायला गोड्या पाण्यात शिरतो. आंध्रात त्याला पुलसा म्हणतात, बंगालात इलिश. एकाच नदीची दोन टोके, पण खालच्या टोकाबद्दल मराठीत किती लिहिले गेले?

या शहरात डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. खगोलशास्त्रज्ञाला तो मान मिळाला, हे योग्यच झाले. मात्र मराठी विज्ञानलेखन आकाशात जितके रमले तितके पाण्यात उतरले नाही. कोकणचा एवढा लांब किनारा लाभलेल्या भाषेत मासा प्रामुख्याने पाककृतींच्या पुस्तकात सापडावा, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

समुद्रातून नदीत शिरणे वाटते तितके सोपे नसते. हाडे असलेल्या माशांच्या रक्तातले क्षार समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतात. त्यामुळे खाऱ्या पाण्यात माशाच्या अंगातले पाणी सतत बाहेर झिरपत राहते. ते भरून काढायला तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींवाटे बाहेर टाकतो. नदीत सगळे उलटे! पाणी आत घुसते, मीठ निसटते. त्याच कल्ल्यांना आता मीठ आत ओढावे लागते आणि मूत्रपिंडे भरपूर पातळ मूत्र बाहेर टाकत राहतात. हे काम करणारी प्रथिने कोणती, ती कधी आणि किती बनायची, हे जनुके ठरवतात.

पण एका जातीच्या सगळ्या माशांत ही जनुके सारखीच असतात का? समुद्रात भिंती नाहीत, अंडी आणि पिल्ले प्रवाहाबरोबर कुठेही वाहत जातात. तेव्हा एका जातीचे मासे सगळीकडे सारखेच असणार, असा समज बराच काळ होता. तो समज हेरिंगने मोडला. अटलांटिकमधला हा थव्याने फिरणारा मासा बाल्टिक समुद्रातही राहतो आणि तिथले पाणी जेमतेम खारट आहे. लिनिअसने १७६१ मध्येच बाल्टिक हेरिंगला वेगळे नाव दिले होते. स्वीडनच्या उप्सला विद्यापीठातील लेफ आंदेरसन यांच्या गटाने २०१६ मध्ये दोन्हीकडच्या हेरिंगांचे संपूर्ण जनुकसंच ताडून पाहिले. डीएनएचा बहुतेक मजकूर जवळपास सारखाच निघाला. पण शेकडो ठिकाणी फरक इतका ठळक होता की तो योगायोग म्हणून सोडून देता येईना. अंबडच्या कारखान्यातल्या माणसाला हे लगेच पटेल: यंत्र तेच, नेमके काही सुटे भाग बदललेले.

त्यातला एक भाग डोळ्यात आहे. बाल्टिकच्या पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ निळा प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे खाली पोहोचणारा उजेड लालसर असतो. अंधूक उजेडात दिसायला मदत करणारे ऱ्होडॉप्सिन हे प्रथिन बाल्टिक हेरिंगमध्ये २६१ व्या जागी बदललेले आहे: फेनिलॅलॅनिनऐवजी टायरोसिन. तेवढ्याने डोळा लाल उजेडाकडे सरकतो. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झाले, तेव्हा खरी गंमत पुढे आली. निमखाऱ्या आणि गोड्या पाण्यातल्या सुमारे एक तृतीयांश माशांत हाच बदल आहे आणि तो वीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडला आहे. उत्क्रांती म्हणजे निव्वळ सोंगट्यांचा खेळ म्हणणाऱ्यांनी या आकड्यापाशी थोडे थांबावे.

आता आपला किनारा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेत संध्या सुकुमारन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये तारलीचा जनुकसंच उलगडला. सुमारे १०७ कोटी अक्षरांचा हा मजकूर असून त्यात प्रथिने घडवणारी ४६,३१६ जनुके आहेत. तारली हा गरिबाचा मासा आणि लहरीही तितकाच. केरळात २०१२ मध्ये तिची पकड चार लाख टनांच्या आसपास होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. या घसरणीमागे समुद्राचे तापमान, अन्नाचा तुटवडा, पिल्लांची बेसुमार मासेमारी अशी अनेक कारणे आहेत. नुसता जनुकसंच हाती आल्याने ती दूर होणार नाहीत. मात्र तापत्या समुद्रात कोणते थवे तग धरतील, हे आता अंदाजाऐवजी पुराव्याने विचारता येईल.

जिताड्याची गोष्ट तर थेट रायगडच्या तळ्यांत पोहोचते. पेण-अलिबागकडे मानाने वाढला जाणारा हा मासा खाऱ्या पाण्यात जन्मतो, खाडीत आणि गोड्या पाण्यात वाढतो. तो आधी नर असतो, पुढे मादी होतो. जनुके तीच राहतात, फक्त कोणती चालू आणि कोणती बंद हे पालटते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये त्याचे बंदिस्त प्रजनन साधले. त्याचा जनुकसंच २०१६ मध्ये सिंगापूरच्या नेतृत्वाखाली प्रसिद्ध झाला. त्यासाठी तपासलेल्या ६१ माशांत भारताकडचा वंश आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडच्या वंशांहून वेगळा दिसला.

म्हणजे ‘जिताडा तो जिताडा’ असे म्हणून चालणार नाही. परक्या वंशाचे मासे तळ्यातून निसटून खाडीत गेले, तर स्थानिक माशांशी त्यांचा संकर होऊ शकतो आणि इथल्या पाण्यात पिढ्यानपिढ्या पारखली गेलेली जनुकांची जुळणी विस्कटू शकते. तपासणीशिवाय परक्या वंशाचे मत्स्यबीज आणू नये, असे या व्यासपीठावरून स्पष्ट सांगायला हवे. जनक मासे कोणत्या किनाऱ्यावरचे, ही नोंद मत्स्यबीजाच्या पावतीवर छापणे फारसे खर्चाचे काम नाही. पावती मात्र मराठीत असावी.